‘बॅबिलॉन’ (जपानी ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका) – या मालिकेवरून इतकी भांडणं का होतात?

रात्रपाळी

(पुढे कथेचा सगळा उलगडा आहे, शेवटासकट. शिवाय मालिकेचा विषयच आत्महत्या आहे आणि हिंसाही आहे. ज्यांना नको असेल त्यांनी इथूनच परत फिरावे.)

‘बॅबिलॉन’चं नाव काढलं की ॲनिमेवाल्यांत दोनच प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, असं काही आजवर पाहिलं नव्हतं. दुसरे म्हणतात, सातव्या भागाला बंद केली ती परत उघडली नाही. “ठीक आहे, एकदा बघण्यासारखी” असं म्हणणारा मला अजून भेटायचाय.

बारा भाग, ऑक्टोबर २०१९ ते जानेवारी २०२०, प्राइमवर. मूळ कादंबऱ्या नोझाकी मादो यांच्या, दिग्दर्शन कियोताका सुझुकी यांचं. झेन सेझाकी हा तोक्योच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयातला, विशेष तपास विभागातला माणूस. एका औषध कंपनीच्या बनावट चाचण्यांची चौकशी करता करता त्याला एक कागद सापडतो. कागदभर एकच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवलेलं, त्यात रक्त आणि केस. तिथून धागा जातो तो तोक्योच्या पश्चिमेला नव्याने बनलेल्या ‘शिनइकी’ नावाच्या स्वायत्त शहराच्या निवडणुकीपर्यंत. इत्सुकी काइका नावाचा तरुण उमेदवार निवडून येतो आणि जाहीर करतो की या शहरात माणसाला स्वतःच्या मर्जीने मरण्याचा कायदेशीर हक्क असेल. त्याच वेळी एका इमारतीच्या गच्चीवर माणसं रांगेत उभी असतात. पुढचं सांगत नाही, पाहणाऱ्यांना ते दृश्य आठवत असेलच.

पहिले तीन भाग म्हणजे चोख तपासकथा. कोण कोणाला भेटलं, कोणाच्या डायरीत कोणाचं नाव, गाडीतून पाठलाग, वरिष्ठांचं “हे प्रकरण सोड”. आणि मग आइ मागासे येते. ही बाई कुजबुजते आणि समोरचा माणूस मरायला राजी होतो. का, कसं, उत्तर नाही. तिचा चेहराही दर वेळी वेगळा.

भांडणाचं मूळ सातव्या भागातल्या हिंसेत आहे असं बहुतेक जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. माझी तक्रार ही, की लेखकाने एक खरा, अवघड, राजकीय प्रश्न टेबलावर ठेवला: मरायची मुभा कायद्याने द्यावी का? आणि मग त्याच टेबलावर एक चेटकीण आणून बसवली. लोक कायद्यामुळे मरतायत की बाई कानात बोलली म्हणून मरतायत? दुसरं खरं असेल तर कायद्याची सगळी चर्चा फुकट गेली. मग ती फक्त भुताची गोष्ट उरते. सहाव्या भागापर्यंत मी राजकीय थरारपट बघत होतो, बाराव्याला काय बघत होतो ते मलाच कळेना.

तरीही ही मालिका डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. तुम्ही कुठल्या गटात? आणि “कळली नाही तुला” एवढंच लिहायचं असेल तर निदान का ते लिहा.

---

पोह्यात_बटाटा

सातव्या भागाला बंद. तुमच्या दुसऱ्या गटातला मी.

जेवताना लावली होती. हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

---

वकीलबुवा

मुलीने आग्रह केला म्हणून पाहिली. कार्टून म्हणून बसलो, चार भागांनंतर चष्मा पुसून सरळ बसलो. सरकारी वकिलाचं काम इतकं कंटाळवाणं, इतकं कागदी आणि म्हणूनच इतकं खरं मी आपल्या सिनेमात पाहिलेलं नाही. आमच्याकडे कोर्ट म्हणजे हातोडा आणि “तारीख पे तारीख”.

धागाकर्त्याच्या मुद्द्याला थोडी कायद्याची जोड देतो. मरण्याचा हक्क हा कादंबरीकाराचा कल्पनाविलास वाटेल, पण आपल्या कोर्टांनी यावर चाळीस वर्षं डोकं घातलंय. दंड संहितेचं कलम ३०९ होतं: प्रयत्न केला आणि वाचलात, तर एक वर्षापर्यंत साधी कैद. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालाने, हे कलम घटनाबाह्य ठरवलं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच वाट धरली. दोन वर्षांत, १९९६ मध्ये, ग्यान कौर प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी ते उलटवलं: जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. मग २०११ चं अरुणा शानबाग प्रकरण: मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं जाणिवेविना पडून असलेल्या परिचारिकेला मरू द्यावं अशी याचिका. केईएमच्या परिचारिका ठामपणे म्हणाल्या, आम्ही सांभाळतोय तिला, तुम्ही कोण ठरवणार? कोर्टाने त्यांचं ऐकलं, पण त्याच निकालाने निष्क्रिय इच्छामरणाचं, म्हणजे उपचार थांबवून मरू देण्याचं, दार किलकिलं केलं. २०१८ मध्ये ते नीट उघडलं, असे उपचार नकोत हे आगाऊ लिहून ठेवण्याची सोयही आली. दरम्यान २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने म्हटलं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असंच धरा आणि त्याला उपचार द्या, शिक्षा नको. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर ते जुनं कलम राहिलंच नाही.

हे सगळं सांगायचं कारण: शिक्षा काढून घेणं आणि हक्क देणं यात मोठी दरी आहे. आपली कोर्टं त्या दरीच्या काठाकाठाने फार जपून चालली. इत्सुकी एका भाषणात उडी मारून पलीकडे जातो. सहाव्या भागातली जाहीर चर्चा म्हणूनच मला सगळ्यात आवडली आणि सगळ्यात खटकली. तिथे निकाल युक्तिवादावर लागत नाही. आजारी मुलगा समोर येतो, त्याचा बाप, म्हणजे इत्सुकीच, म्हणतो मला माझं हृदय याला द्यायचंय, आणि सभा खिशात. पंचवीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला हे अजिबात अशक्य वाटलं नाही, एवढंच नोंदवतो.

---

आडवाटेवरचा

वकीलसाहेब, पण आपल्याकडे माउलींची संजीवन समाधी, जैनांची सल्लेखना (उपास करत देह ठेवणं) ही परंपरा आहेच की. जपानी लोकांनाच काय नवीन?

---

वकीलबुवा

सल्लेखनेवर राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बंदीचा निकाल दिला, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. त्यावर स्वतंत्र धागा काढा, येतो मी भांडायला. समाधीला या धाग्यात ओढू नका, हात जोडतो.

---

तोक्योत_एक_तप

इथे राहून ही मालिका पाहिली की वेगळी लागते, म्हणून थोडं लांबण लावतो.

पहिलं म्हणजे शिनइकी. हाचिओजी, माचिदा, तामा आणि शेजारच्या कानागावा प्रांतातलं सागामिहारा हे तुकडे जोडून ते बनवलंय. ही काही स्वप्नातली जागा नाही. लोक रोज तिथून लोकलने दोन दोन तास लोंबकळत येतात, आपल्या कर्जत-कसाऱ्यासारखे. विशेष क्षेत्र आखायचं, तिथले नियम सैल करायचे, चाललं तर देशभर न्यायचं, ही कल्पना तर इथल्या सरकारचीच आहे. २०१३ मध्ये आबे सरकारने राष्ट्रीय धोरणात्मक विशेष क्षेत्रांचा कायदा केला. नोझाकींनी त्यातली एकच गोष्ट बदलली: उद्योगाचे नियम सैल करण्याऐवजी मरणाचे.

दुसरं, सागामिहारा. या गावाचं नाव ऐकलं की इथल्या माणसाच्या चेहऱ्यावरचं काहीतरी बदलतं. जुलै २०१६ मध्ये तिथल्या अपंगांच्या निवासात एका माजी कर्मचाऱ्याने रात्री शिरून १९ जणांना मारलं. गंभीर अपंगांना जगवण्यात अर्थ नाही, असं तो उघड म्हणत होता. पहिली कादंबरी २०१५ ची, म्हणजे लेखकाला हे माहीत असणं शक्य नव्हतं. पण मालिका आली २०१९ ला. “मरायचा हक्क” हे शब्द त्या नकाशावर उच्चारले की इथल्या प्रेक्षकाला पुढचा प्रश्न ऐकू येतोच: आणि ज्याला मरायचं नाहीये, पण इतरांना वाटतं त्याने मरावं, त्याचं काय?

तिसरं, ते हृदयाचं. बाहेरच्या प्रेक्षकांना तो भाग रडका वाटला. पण इथला अवयवदानाचा कायदा २०१० पासून सैल झाला तेव्हा जवळच्या नातेवाइकाला अवयव आधी मिळावा अशी इच्छा नोंदवायची सोय झाली, आणि सोबत एक अट आली. दात्याने आत्महत्या केली असेल तर नातेवाइकाचा तो अग्रक्रम रद्द. का, तर कोणी पोरासाठी जीव देऊ नये म्हणून. म्हणजे इत्सुकी ज्या भिंतीवर डोकं आपटतोय ती भिंत खरोखर आहे. मला तर वाटतं त्या सगळ्या चर्चेत तेवढा एकच मुद्दा खऱ्या कायद्याच्या वर्मी लागणारा होता.

आणि आकडे. १९९८ पासून सलग चौदा वर्षं इथे वर्षाला तीस हजारांवर माणसं गेली. २००३ मध्ये ३४,४२७. मग २००६ चा प्रतिबंधक कायदा झाला, स्थानिक पातळीवर बरीच कामं झाली आणि २०१९ मध्ये, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच वर्षी, संख्या २०,१६९ वर आली. १९७८ पासूनच्या नोंदीत तोवरची सगळ्यात कमी. जो देश इतक्या कष्टाने तो आकडा खाली आणतोय त्याला हा नायक दाखवणं, याला धाडस म्हणायचं की बेफिकिरी, माझं अजून ठरलेलं नाही.

---

खारुताई

माझा मुद्दा कोणी काढत नाहीये म्हणून मीच काढते.

मागासे म्हणजे काय? एक बाई. तिला पाहिलं की पुरुष वितळतात, तिने कानात सांगितलं की मरतात. तिला मत नाही, भूतकाळ जेमतेम, हेतू नाही. बायबलातल्या शेवटच्या पुस्तकातली ती बॅबिलॉनची वेश्या उचलली आणि आधुनिक तोक्योत आणून सोडली, झालं. मालिकेच्या नावातच कबुली आहे. दोन हजार वर्षांनीही जगाच्या अंताला बाईच जबाबदार!

आणि सातव्या भागात जिचे हाल होतात ती कोण? सेकुरो. सेझाकीच्या पथकातली हुशार, तरतरीत, एकटी काम करणारी बाई. तिच्याकडे बघून मला पहिल्यांदा वाटलं होतं की बरं झालं, कोणीतरी आहे इथे. तिला मारलं, आणि कसं मारलं! सगळं दाखवतही नाहीत, आवाजावर भागवतात, पण ते अधिकच वाईट. वर मागासे स्वयंपाक शिकवल्यासारख्या शांत स्वरात बोलत असते. हे सगळं कशासाठी, तर नायकाला दुःख व्हावं म्हणून. त्याच्या दुःखासाठी बाईचे तुकडे.

पटकथा तिथे हुशार आहे हे मी नाकारत नाही. सत्सुकी युकिनो या नटीने मागासेला दिलेला आवाज तर असा आहे की हेडफोन काढून ठेवावेसे वाटतात. (याच बाईंनी ‘इनुयाशा’ या ॲनिमेमधल्या कागोमेचा आवाज दिला होता! लहानपण पार धुऊन निघालं माझं.) पण हुशारीने केलेला जुनाट विचार जुनाटच राहतो.

---

भाऊ_वऱ्हाडी

ताई, राग नका मानू, पण मले तुमचं अर्धंच पटलं.

मागासे बाई हाय म्हणून तुम्ही अडकून राहिल्या. तिच्या जागी कुजबुज ठेवा फक्त. आता सांगा, निवडणुकीत काय होते? भाषण आयकून मत देते का कोणी? चौकात चार जण बसते, एक जण हळूच सांगते, अन् सकाळपर्यंत अख्ख्या गावाचं मत फिरते. व्हॉट्सॲपवर काय येते रोज? कुजबुजच ना बाप्पा! टीव्हीवर इत्सुकी तर्क सांगते अन् लोकायले वाटते आपण तर्कानं पटलो. खरं काम दुसऱ्याच आवाजानं झालेलं असते. धागा काढणाऱ्या भाऊले जे भुताटकी वाटते ते मले पूर्ण मालिकेत सगळ्यात राजकीय वाटलं.

---

खारुताई

@भाऊ_वऱ्हाडी
कुजबुज ठेवायची होती तर ठेवायची ना फक्त कुजबुज. रेडिओ ठेवायचा, पुढारी ठेवायचा, म्हातारा बुवा ठेवायचा. त्यांनी मोहक बाईच ठेवली, तिला दर दृश्यात वेगळे केस आणि कपडे दिले आणि कॅमेरा तिच्या ओठांवर नेला. हे माझ्या डोक्यात नव्हतं, पडद्यावर होतं.

राजकीय रूपक म्हणून तुमचं म्हणणं मला आवडलं. ते मालिकेत आहे असं वाटत नाही, ते तुमचं आहे.

---

भाऊ_वऱ्हाडी

हे बी बरं झालं, मालिकेपेक्षा मीच भारी निघालो 😄

---

औषधनिर्माता

कोणीच पहिल्या भागातल्या औषध कंपनीबद्दल बोलत नाहीये, म्हणून आमच्या धंद्यातर्फे दोन शब्द.

ते कथानक हवेतलं नाही. २०१३ मध्ये जपानमध्ये डायोव्हान या रक्तदाबाच्या गोळीचं प्रकरण फुटलं. विद्यापीठांत झालेल्या अभ्यासांतली आकडेवारी फिरवलेली निघाली, शोधनिबंध मागे घेतले गेले, आणि विशेष म्हणजे तपास केला तो तोक्योच्या याच विशेष तपास विभागाने. पुढे कोर्टात आरोपी सुटले. आकडे बदलले गेले हे कोर्टाने मानलं, पण शोधनिबंध म्हणजे जाहिरात नव्हे, तेव्हा त्या कलमाखाली गुन्हा होत नाही असा अर्थ लावला.

मला पहिला भाग म्हणूनच जास्त अस्वस्थ करून गेला. चाचणीचे कागद तपासणारा माणूस रात्री एकटा बसलाय, समोर खोक्यांची चळत, आणि एका खोक्यात जे असायला नको ते आहे. तपासणी येणार म्हटल्यावर कागदांची खोकी लावणाऱ्या कोणालाही विचारा ते काय वाटतं. ती कंपनीची गोष्ट मालिकेने दोन भागांत गुंडाळून टाकली आणि आत्महत्येच्या मागे लागली. मी असतो तर बाराही भाग त्या खोक्यांतच बसलो असतो. कोणी पाहिली नसती म्हणा.

---

पोह्यात_बटाटा

@औषधनिर्माता मी पाहिली असती. जेवताना.

---

संपादक मंडळ

चर्चा चांगली चालली आहे, चालू द्या. एकच: प्रतिसादांत पद्धतींचे वर्णन नको, दृश्यांचे तपशीलही बेताने. आणि हा विषय कोणाला सध्या जवळून छळत असेल तर शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आहे, मराठीतही बोलता येते.

---

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. तोक्योकर, अवयवदानाच्या अटीचं मला अजिबात माहीत नव्हतं. त्या एका माहितीने चर्चेचा भाग माझ्यासाठी चांगलाच वर सरकला.

भाऊ, तुमची कुजबूज दोन दिवस डोक्यात फिरतेय. पण पटत नाही ते इथे: व्हॉट्सॲपची कुजबूज आपण अडवू शकतो, उलट उत्तर देऊ शकतो, निदान ग्रुप सोडू शकतो. मागासेला उत्तरच नाही. तिच्यापुढे कोणीही टिकत नाही, पोलीस नाही, न्यायाधीश नाही. ज्याच्यापुढे कोणाचाच इलाज चालत नाही ते राजकारण कसलं? राजकारणात कोणीतरी ‘नाही’ म्हणू शकायला हवं. सेझाकी ते म्हणतो म्हणता म्हणता बारा भाग संपले.

आणि सातव्या भागानंतर गोष्ट एकदम अमेरिकेत का? त्यावर कोणी बोलेल का? मी तिथल्या राष्ट्राध्यक्षाला बघून हसलो होतो.

---

गोदाकाठ

हसलात? तोच भाग मला सगळ्यात प्रिय.

अलेक्झांडर वुड: लहानपणी आजारी, अंथरुणात पडून संगणकावरचे खेळ खेळणारा, बायकोही तिथेच भेटलेली. मोठा होऊन अमेरिकेचा अध्यक्ष. हे वाचताना विनोदी वाटतं हे मान्य. पण मालिकेतला हा एकमेव माणूस आहे जो प्रश्न हाती आल्यावर लगेच बाजू घेत नाही. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहराने शिनइकीसारखाच कायदा केला, सगळे म्हणतात निषेध कर, मतं जातील. तो म्हणतो, थांबा, मला आधी कळू दे की हे वाईट का आहे. आणि खरंच विचार करत बसतो. जगातल्या सात मोठ्या देशांचे प्रमुख एका टेबलाभोवती बसून चांगलं म्हणजे काय यावर बोलतात! वास्तवात असं होणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणूनच मला ते बघायचं होतं. तपासकथा मला रोज वर्तमानपत्रात मिळते.

त्याचं उत्तरही मला पटलं: चालू राहणं हे चांगलं, संपणं हे वाईट. साधं आहे, पोकळ वाटेल. पण ज्याने लहानपणी दर रात्री उद्याचा दिवस मिळेल का हे मोजलंय त्याच्या तोंडी ते शोभतं.

मग शेवट. मागासे फोनवरून त्याच्या कानात बोलते, तो गच्चीच्या कडेला. राष्ट्राध्यक्षाने साऱ्या जगादेखत स्वतःहून मरणं म्हणजे त्या कायद्याचा विजय. तेव्हा सेझाकी त्याला गोळी घालतो. आत्महत्या होऊ नये म्हणून खून! बारा भाग न्याय म्हणजे काय हे शोधणाऱ्या माणसाला शेवटी हे करावं लागतं. मी पंधरा मिनिटं काळ्या पडद्याकडे बघत बसले होते.

---

आडवाटेवरचा

गोदाताई, त्या काळ्या पडद्यानंतर आणखी एक छोटा तुकडा आहे. मागासे सेझाकीच्या पोराशी बोलायला येते. तो पाहिलात ना?

---

गोदाकाठ

पाहिला. तो नसता तर बरं झालं असतं. त्याने पुढच्या भागाची जाहिरात केल्यासारखं वाटलं, आणि पुढचा भाग काही आला नाही.

---

वकीलबुवा

गोदाताईंच्या प्रतिसादाला एक पुरवणी. त्या गोळीबाबत जपानी दंड संहिता काय म्हणेल? तिथे आत्महत्या हा गुन्हा नाही. दुसऱ्याला त्यासाठी चिथावणं किंवा मदत करणं हा गुन्हा आहे, कलम २०२, सहा महिने ते सात वर्षं. म्हणजे मागासेला धरलं तर जास्तीत जास्त सात वर्षं, आणि सेझाकीवर सरळ खुनाचा खटला. सरकारी वकील असल्याने त्याला हे ट्रिगर दाबण्याआधी माहीत असणार. हे ध्यानात घेतलं की तो शेवट मला तरी भुताचा वाटत नाही. कायद्याच्या माणसाने कायद्याबाहेर टाकलेलं ते पाऊल आहे, आणि मालिका सुरुवातीपासून त्याच दिशेने चालली होती. धागाकर्त्याशी इथे माझा मतभेद.

---

तोक्योत_एक_तप

या विशेष तपास विभागाविषयी एक गंमत सांगायची राहिली. १९७६ मध्ये माजी पंतप्रधान काकुएइ तानाका यांना लॉकहीड लाचप्रकरणात अटक करणारा हाच विभाग, त्यामुळे जुन्या पिढीच्या मनात त्याची प्रतिमा सेझाकीसारखीच: कडक आणि निर्लोभी. पण २०१० मध्ये ओसाकाच्या विशेष विभागातल्या वकिलाने पुराव्याच्या फ्लॉपीवरची तारीख बदलल्याचं उघड झालं आणि त्या प्रतिमेला तडा गेला. खटला उभा राहिला की नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त वेळा शिक्षा होते असा हा देश. मालिकेत यातलं काहीच नाही. सेझाकी एवढा स्वच्छ का, हा प्रश्न मला मागासे एवढी वाईट का यापेक्षा जास्त पडला.

सातव्या भागानंतर मालिकेला मोठा खंड पडला होता, आठवा भाग आला थेट ३० डिसेंबरला. त्याच दिवशी निस्सान मोटार कंपनीचा माजी प्रमुख, आरोपी कार्लोस घोस्न जपानमधून पळून बैरुतला पोचला. त्याला अटक करणारे कोण? हेच. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ॲनिमे बघणारे आम्ही तिघे होतो, आणि आठव्या भागाबद्दल कोणीही चकार शब्द काढला नाही. खऱ्याने खोट्याला पार झाकून टाकलं.

(आणि जाता जाता: त्याच वर्षी एप्रिलमध्ये इथल्या एदोगावा वॉर्डात आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले. त्यांच्या वेळी स्थानिक निवडणुकीचा प्रचार जवळून बघितला होता. स्टेशनबाहेर सकाळी सातला उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला वाकून नमस्कार, तासन् तास. इत्सुकी एकदाही स्टेशनबाहेर उभा राहिलेला दिसत नाही. तेवढ्यावरून मी त्याला पाडला असता.)

---

निळी_शाई

सगळे प्रतिसाद वाचून काढले, मालिका पाहिलेली नाही. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, त्याच्या मित्रांनी पाहिलीये आणि तो मागे लागलाय. दाखवू का? त्याला राजकारणाची आवड आहे, ‘डेथ नोट’ पाहून झालंय.

---

पोह्यात_बटाटा

ताई, नाही. ‘डेथ नोट’ हा याच्यापुढे बालमित्र आहे.

---

गोदाकाठ

एकट्याने तर नाहीच. तुम्ही आधी पाहा, मग ठरवा. सोळाव्या वर्षी एखादं पोर आतून कुठल्या अवस्थेत असतं हे घरातल्यांनाही पटकन कळत नाही, आणि यात मरणं फार सोपं, फार शांत दाखवलंय. माझं मालिकेवर प्रेम असूनही हे लिहितेय.

---

खारुताई

गोदाताईंशी पूर्ण सहमत. (आज पहिल्यांदाच!)

निळी शाई, माझ्या भाचीसोबत मी असं केलं: पहिले सहा भाग दोघींनी मिळून पाहिले. चर्चेचा भाग आला तेव्हा मध्येच थांबवून तिला विचारलं, तू त्या मंचावर असतीस तर इत्सुकीला काय उत्तर दिलं असतंस? दीड तास भांडलो, चहा दोनदा झाला. सातवा भाग मी तिला तोंडी सांगितला, दोन वाक्यांत. पुढचे पाच पाहायचे का ते तिच्यावर सोडलं. तिने नाही पाहिले, म्हणाली मला त्या बाईपेक्षा तो मेयर इत्सुकीच जास्त भीतीदायक वाटला.